तीन खिळ्यांचा कान

टाळी वाजवली की दिवा लागतो, बाळ रडले की शेजारच्या खोलीत इशाऱ्याचा दिवा पेटतो, गाण्याच्या ठेक्यावर रंगीत दिव्यांची माळ नाचू लागते. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जडलेल्या मुलांनी यांपैकी एखादा तरी प्रयोग केलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत शंभर रुपयांच्या आत मिळणारे साउंड सेन्सर मॉड्यूल त्यासाठी पुरेसे होते. बोटभर लांबीची एक पट्टी, तिच्या टोकाला छोट्या डबीसारखा मायक्रोफोन, मध्ये संवेदनक्षमता कमी-जास्त करण्याचा स्क्रू आणि शेजारी आवाजाची पातळी ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहणारी एक चिप, एवढाच त्याचा संसार. आवाज मर्यादेपलीकडे गेला की चिप आपली खूण बदलते आणि पुढचे काम सुरू होते.

ही पट्टी वापरणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. खोलीत सारे शांत असते, कोणी टाळी वाजवलेली नसते आणि तरीही दिवा लागतो. कोणीतरी पंख्याचे बटण दाबलेले असते, किंवा जवळच्या रिलेमध्ये ठिणगी पडलेली असते. बहुतेक जण अशा वेळी कपाळाला आठी घालतात, एखादा कपॅसिटर जोडून हा उपद्रव थांबवतात आणि पुढे जातात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधील एका माणसाला आपल्या घरगुती ध्वनिग्राहकातून असाच एक नको असलेला आवाज ऐकू आला. त्याने तो थांबवला नाही. तो त्याच्या मागे लागला आणि बिनतारी संदेशवहनाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचला. तो उंबरठा मात्र त्याने ओलांडला नाही. त्या माणसाचे नाव डेव्हिड एडवर्ड ह्यूज. मायक्रोफोन जगाच्या हाती देणारा हा संशोधक शिक्षणाने अभियंता नव्हता, गणिती तर मुळीच नव्हता. तो संगीतकार होता.

हार्प वाजवणारा मुलगा

ह्यूज यांचे घराणे मूळचे वेल्समधील बाला गावचे. घरात संगीत मुरलेले होते. १८३०च्या सुमारास जन्मलेला डेव्हिड वयाच्या सहाव्या वर्षीच हार्प आणि कॉन्सर्टिना ही वाद्ये तयारीने वाजवू लागला होता. वडील आणि मुले मिळून जलसे करीत. डेव्हिड लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेला गेले आणि तेथेही संगीतावरच त्यांचा चरितार्थ चालू राहिला. १८५०मध्ये, म्हणजे जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असताना, केंटकी राज्यातील बार्ड्सटाउन येथील सेंट जोसेफ महाविद्यालयात डेव्हिडची संगीताचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे तेथेच निसर्गविज्ञान शिकवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. एकाच माणसाने सकाळी स्वर आणि दुपारी पदार्थविज्ञान शिकवावे, ही गोष्ट आज विचित्र वाटेल. ह्यूज यांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही शास्त्रे एकमेकांत मिसळून गेली आणि त्यातूनच त्यांचा पहिला मोठा शोध जन्माला आला.

त्या काळी तारायंत्र म्हणजे मोर्सचे कट्ट-कडकट्ट. एकेका अक्षरासाठी विजेचे अनेक लहान-मोठे ठोके पाठवावे लागत आणि पलीकडच्या माणसाला ते ऐकून अक्षरांत उतरवावे लागत. ह्यूज यांनी अठ्ठावीस पट्ट्यांचे, पियानोसारखे दिसणारे यंत्र तयार केले. तारेच्या दोन्ही टोकांना अक्षरे कोरलेले एकेक चाक सतत फिरत राही. पट्टी दाबली की विजेचा एकच ठोका जाई आणि त्या क्षणी चाकावर जे अक्षर समोर असेल ते दोन्हीकडच्या कागदावर उमटे. यात मेख एकच होती. शेकडो मैल अंतरावरची ती दोन चाके तंतोतंत एकाच गतीने फिरली पाहिजेत. संगीतकार ह्यूज यांनी त्यासाठी कंप पावणारी पोलादी पट्टी वापरली. दोन्ही ठिकाणच्या पट्ट्या एकाच सुरात लावल्या की चाकांची गतीही आपोआप जुळत असे. दोन तंबोरे एकमेकांशी जुळवून घ्यावेत, तशी त्यांनी दोन शहरे जुळवली.

या छापील तारायंत्राचे अमेरिकन पेटंट त्यांना १८५६मध्ये मिळाले. पुढच्याच वर्षी ते युरोपात आले. फ्रान्स सरकारने यंत्राची कसून परीक्षा घेऊन ते स्वीकारले, तिसऱ्या नेपोलियनने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्यानंतर इटली, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया अशी एकेका देशाची तारखाती हे यंत्र घेऊ लागली. विसाव्या शतकातही युरोपातील अनेक तारमार्गांवर ते चालत होते. या यंत्राने ह्यूज यांना मानमरातब दिला आणि पैसाही भरपूर दिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने त्यांना कोणाची चाकरी न करता हवे ते प्रयोग करण्याची मोकळीक दिली.

सैल सांध्याची किमया

१८७०च्या दशकात ह्यूज लंडनमध्ये स्थायिक झाले. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट भागातील त्यांचे बिऱ्हाड हीच त्यांची प्रयोगशाळा. तेथे महागडी उपकरणे नव्हती. आगपेट्या, खिळे, दोरा, लाख, मुलांची पैसे साठवण्याची डबी, जे हाताशी येईल त्यातून ते यंत्रे जुळवीत. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या आजच्या कोणालाही ते टेबल ओळखीचे वाटले असते.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा टेलिफोन १८७६मध्ये आला आणि लवकरच इंग्लंडमध्ये पोहोचला. ह्यूज यांना त्यातील ऐकण्याच्या भागाचे विशेष अप्रूप वाटले. विजेतील अगदी क्षीण बदलही तो कानाला ऐकवत होता. त्यांनी एक बारीक तार घेतली, तिच्यातून वीज सोडली आणि ती ताणत नेली. ताणलेल्या तारेवर आवाजाचा परिणाम होतो का, हे त्यांना पाहायचे होते. काहीच ऐकू आले नाही. तार तुटण्याच्या क्षणी मात्र टेलिफोनमध्ये खरखर झाली. त्यांनी तुटलेली टोके एकमेकांवर हलकेच टेकवली. आता खोलीतले आवाज टेलिफोनमध्ये येऊ लागले! घट्ट जोड निरुपयोगी होता, तुटलेली तार निरुपयोगी होती. जे काही घडत होते ते या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, सैल स्पर्शात घडत होते.

मग त्यांनी तो प्रयोग केला, जो आजही कोणीही घरी करून पाहू शकतो. दोन खिळे समांतर ठेवून ते बॅटरी आणि टेलिफोनच्या मंडलात जोडले आणि त्यांच्यावर तिसरा खिळा आडवा टाकला. बस्स, एवढाच मायक्रोफोन. आवाजाने टेबल थरथरते, वरचा खिळा खालच्यांवर कधी किंचित अधिक तर कधी किंचित कमी दाबला जातो, स्पर्शाचे क्षेत्र बदलते, त्यानुसार विजेला होणारा विरोध बदलतो आणि आवाजाची प्रतिकृती विद्युतप्रवाहात उतरते. पुढे त्यांनी लोखंडाच्या जागी कोळसा घेतला. दोन्ही टोके निमुळती केलेली कोळशाची कांडी दोन ठोकळ्यांच्या खळग्यांत सैलसर उभी केली. या साधनासमोर माशी चालली तर तिच्या पावलांचा आवाज टेलिफोनमध्ये ऐकू येत असे.

यातील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. बेल यांच्या पहिल्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याचा आवाज स्वतःच वीज निर्माण करीत असे. त्यामुळे ती अत्यंत क्षीण असे. ह्यूज यांच्या साधनात वीज बॅटरीची होती, आवाज केवळ तिचा ओघ कमी-जास्त करीत होता. नळाची तोटी फिरवायला थोडेच बळ लागते, पण पाणी जोराने येते, तसाच हा प्रकार. दूर अंतरावर स्पष्ट बोलणे शक्य झाले ते या युक्तीमुळे.

मे १८७८मध्ये हा शोध रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडला गेला. सूक्ष्मदर्शक जसा डोळ्यांसाठी, तसे हे साधन कानांसाठी, म्हणून ह्यूज यांनी त्याला मायक्रोफोन म्हटले. हा शब्द इंग्रजीत आधीही वापरला गेला होता, पण विजेच्या ध्वनिग्राहकाला तो कायमचा चिकटला तो तेव्हापासून. आणि मग त्यांनी असे काही केले, की ज्याची त्या पेटंटच्या धामधुमीत कोणी अपेक्षा केली नव्हती. त्यांनी पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने हे साधन बनवावे, सुधारावे, वापरावे, अशी मोकळीक त्यांनी साऱ्या जगाला दिली.

अर्थात वादळ उठलेच. थॉमस अल्वा एडिसन यांचे कोळशाच्या प्रेषकावरील काम १८७७पासून चालू होते आणि त्याची माहिती त्यांनी ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते विल्यम प्रीस यांना कळवली होती. प्रीस हे ह्यूज यांचेही स्नेही. आपली कल्पना चोरली गेली, असा आरोप एडिसन यांनी जाहीरपणे केला. वर्तमानपत्रांतून बरीच धूळ उडाली. शेवटी सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना मध्ये पडावे लागले. तिकडे एमिल बर्लिनर यांनीही १८७७मध्ये अमेरिकेत सैल स्पर्शाच्या प्रेषकावर आपला हक्क नोंदवला होता. तेव्हा कोळशाच्या मायक्रोफोनचा जनक एकच, असे म्हणता येत नाही. पण कोणत्याही वाहक पदार्थाच्या सैल सांध्यात हा गुण आहे, हे सामान्य तत्त्व उघड करून ते सर्वांच्या हाती दिले ते ह्यूज यांनीच.

त्या मोकळेपणाच्या वातावरणात सुधारणांचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी यॉर्कशरमधील हेन्री हनिंग्ज या धर्मगुरूने एका कांडीऐवजी कोळशाचे बारीक दाणे वापरले आणि साधन अधिक दणकट केले. दाण्यांचा हा मायक्रोफोन जगभरच्या टेलिफोनमध्ये शंभर वर्षे टिकला. आपल्याकडील काळ्या, जड टेलिफोनच्या रिसीव्हरमध्येही तोच होता. आवाज नीट जात नसला की रिसीव्हर हातावर आपटायची सवय अनेकांना आठवत असेल. आपटल्याने घट्ट बसलेले दाणे मोकळे होत आणि ह्यूज यांचा सैल सांधा पुन्हा कामाला लागे. आजच्या मॉड्यूलमध्ये कोळसा नाही. त्यातील इलेक्ट्रेट मायक्रोफोन १९६२मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तयार केलेल्या रचनेचा वंशज आहे. आवाजाने हलणारा पडदा, त्यामुळे बदलणारी विद्युतधारिता आणि हा बदल मोठा करून दाखवणारा छोटा ट्रान्झिस्टर, अशी त्याची घडण. पण बॅटरीने बळ पुरवायचे आणि आवाजाने केवळ तोटी फिरवायची, ही मूळ युक्ती तेथेही कायम आहे.

ऐकूनही न सांगितलेले

१८७९मध्ये ह्यूज यांनी प्रवर्तनाचा तराजू बनवला. तारेच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींशी अशा तोलायच्या की टेलिफोनमध्ये काहीच ऐकू येऊ नये. मग एका जोडीजवळ धातूचा लहानसा तुकडा आणला तरी तोल ढळून आवाज उमटतो. १८८१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातील गोळी शोधण्यासाठी बेल यांनी याच तत्त्वाचे यंत्र वापरले. तो प्रयत्न फसला, परंतु आजच्या धातुशोधकांची वंशावळ तेथपर्यंत जाते. श्रवणशक्ती मोजण्याचे एक साधनही ह्यूज यांनी याच सुमारास तयार केले.

या तराजूवर काम करताना त्यांना तो नको असलेला आवाज ऐकू आला. मंडलातील वीज तुटली, ठिणगी पडली, की खोलीत दूर ठेवलेल्या मायक्रोफोनला जोडलेल्या टेलिफोनमध्ये टक् असा आवाज येई. दोहोंमध्ये तार नव्हती. ह्यूज यांनी हा दोष मानला नाही. त्यांनी घड्याळाच्या यंत्राने वीज ठरावीक अंतराने तोडणारी योजना केली, ती घरात चालू ठेवली आणि टेलिफोन कानाला लावून ते रस्त्यावर उतरले. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालत जाताना ते टक् टक् त्यांना ऐकू येत राहिले. काही ठिकाणी आवाज वाढे, काही ठिकाणी मावळे. सुमारे पाचशे यार्डांपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचारशे मीटर अंतरापर्यंत, त्यांनी तो पकडला. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्या ठिणगीतून रेडिओलहरी निघत होत्या आणि मायक्रोफोनचा सैल सांधा त्या टिपत होता. जो सांधा आवाज ऐकत होता, तोच आता रेडिओही ऐकत होता.

२० फेब्रुवारी १८८० रोजी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष विल्यम स्पॉटिसवुड आणि दोन चिटणीस, थॉमस हक्सली व जॉर्ज स्टोक्स, हे प्रयोग पाहायला ह्यूज यांच्याकडे आले. सुमारे तीन तास प्रयोग चालले. पाहुणे आरंभी चकित झाले. परंतु अखेरीस स्टोक्स यांनी निर्णय दिला, की यात नवे काही नाही, विद्युतप्रवर्तनाच्या परिचित नियमांनी या साऱ्याचा उलगडा होतो. स्टोक्स हे त्या काळातील अग्रगण्य गणिती. त्यांच्या शब्दापुढे संगीतकार ह्यूज यांची बाजू लंगडी पडली. विद्युतचुंबकीय लहरींचे भाकीत करणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८७९मध्ये, निवर्तले होते. ह्यूज यांना स्वतःला मॅक्सवेल यांचे गणित पेलणारे नव्हते. आपले संदेश हवेतून वीज वाहून नेल्यामुळे जातात, असे काहीसे त्यांचे मत होते. प्रयोग अस्सल होता, स्पष्टीकरण कच्चे होते. आणि परीक्षकांनी स्पष्टीकरणाबरोबर प्रयोगही बाजूला सारला.

खरी शोकांतिका यापुढची आहे. ह्यूज यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्धच केले नाहीत. अधिक भक्कम पुरावा मिळेपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले आणि ते थांबूनच राहिले. दोन वर्षांपूर्वी मायक्रोफोनचे तत्त्व त्यांनी जसे सुचले तसे जगापुढे टाकले होते. त्यातील उणिवा इतरांनी दूर केल्या, त्याचा अर्थ इतरांनी उलगडला, आणि साधन वाढत गेले. यावेळी मात्र उत्तर पूर्ण नाही म्हणून त्यांनी प्रश्नही स्वतःजवळच ठेवला. मॅक्सवेल यांचे गणित जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने ती निरीक्षणे वाचली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच करायची. १८८७-८८मध्ये जर्मनीत हाइन्रिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या. १८९०मध्ये फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी धातूच्या कणांच्या सैल स्पर्शावर चालणारा लहरीग्राहक पुढे आणला. १८९६मध्ये गुग्लिएल्मो मार्कोनी इंग्लंडमध्ये आपले पेटंट घेऊन उभे राहिले. हे सारे ह्यूज लंडनमध्ये राहून शांतपणे पाहत होते. बिनतारी विद्येचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन फाही यांनी विचारणा केली, तेव्हा कुठे १८९९मध्ये त्यांनी पत्र लिहून ती जुनी हकीकत सांगितली. त्यातही कटुता नव्हती. हर्ट्झ आणि मार्कोनी यांच्या श्रेयावर त्यांनी कोणताही दावा सांगितला नाही.

अखेर आणि वारसा

स्टोक्स यांच्या त्या निर्णयानंतर काही महिन्यांतच, १८८०मध्ये, ह्यूज यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८८५मध्ये सोसायटीचे रॉयल पदक मिळाले आणि १८८६मध्ये तार व विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे मानाला ते पारखे नव्हते. १८८२मध्ये त्यांनी अ‍ॅना चॅडबोर्न या अमेरिकन चित्रकर्तीशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. श्रीमंती असूनही राहणी साधी ठेवलेल्या ह्यूज यांचे २२ जानेवारी १९०० रोजी लंडनमध्ये निधन झाले. हायगेट स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

त्यांचे मृत्युपत्र उघडले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. चार लाख पौंडांच्या घरातील रक्कम त्यांनी लंडनमधील रुग्णालयांसाठी ठेवली होती. रॉयल सोसायटीलाही त्यांनी देणगी दिली. तिच्यातून ह्यूज पदक सुरू झाले आणि १९०२मध्ये पहिले पदक इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. टॉमसन यांना मिळाले. १९१३मध्ये ते बेल यांना मिळाले. ज्यांच्या टेलिफोनला कान लावून ह्यूज यांनी सारे काही ऐकले, ते हेच बेल. आणि १९३०मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, हे पदक चंद्रशेखर व्यंकट रामन यांना मिळाले. रामन यांनीही तबला, मृदंग, वीणा यांच्या नादावर संशोधन केले होते. संगीताच्या कानाने विज्ञान करणाऱ्या एका माणसाचे पदक अशाच दुसऱ्या माणसाच्या हाती गेले, हा योग सुखावणारा आहे.

ह्यूज यांची ती घरगुती उपकरणे लंडनमध्ये कुठेतरी सामानात पडून होती. १९२२मध्ये ती सापडली आणि पुढे तेथील विज्ञान संग्रहालयात गेली. लाखेने चिकटवलेली, दोऱ्याने बांधलेली ही यंत्रे एखाद्या शाळकरी मुलाच्या खणातली वाटावीत अशीच आहेत.

आज ज्यांच्या टेबलावर साउंड सेन्सरची पट्टी आहे, त्यांना पेन्सिलच्या शिशाचे दोन तुकडे, त्यांवर आडवा टाकलेला तिसरा तुकडा, एक बॅटरी आणि एक इअरफोन यांतून ह्यूज यांचा मायक्रोफोन तासाभरात उभा करता येईल. तो जरूर करून पाहावा. टाळी न वाजवता दिवा लागला, तर कपॅसिटर जोडण्याआधी घटकाभर थांबावे. काय घडले, कशाजवळ घडले, किती अंतरापर्यंत घडले, हे वहीत टिपून ठेवावे. आणि कारण समजले नसले तरी ती नोंद चार जणांना दाखवावी. जे ह्यूज यांनी १८७८मध्ये केले आणि १८८०मध्ये केले नाही, ते एवढेच होते.